दारातला ओला रुमाल

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या शाळेत तिथल्या वारलेल्या ग्रंथपाल सिस्टरांची प्रार्थनासभा झाली. मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली, पण बोलायला काही उठवलं नाही. प्राचार्य सिस्टरांना माझा स्वभाव ठाऊक आहे. मोठमोठ्या हुद्द्यांवरच्या बायका एकेक करून माइकसमोर आल्या आणि म्हणाल्या, सिस्टरांनी आम्हाला पुस्तकांवर प्रेम करायला शिकवलं. मी सगळं ऐकून घेतलं. मला काय शिकवलं ते इथे लिहिते. इथे माइक माझ्या हातात आहे.

आम्ही हिंदी बोलणाऱ्या शहरात, स्टेशनाजवळच्या गुढियारीत राहायचो. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल होते. आई एका व्यापाऱ्याची हळद घरी कुटून द्यायची आणि उन्हाळ्यात पापड लाटायची. मालधक्क्यावरच्या एका साहेबांनी शब्द टाकला म्हणून मला त्या कॉन्व्हेंटमध्ये प्रवेश मिळाला. सकाळी शाळा, दुपारी मुसळ. हळद कुटणाऱ्याचे हात कसे होतात ते ज्याने कुटली त्यालाच माहीत. ती तळव्याच्या रेषांत आणि नखांच्या कडांत बसते. कितीही घासा, पाणी लागलं की पुन्हा सुटते.

त्या शाळेच्या वाचनालयाचा एक रिवाज होता. वाचनाच्या तासाला सिस्टर दारात उभ्या राहायच्या. त्या केरळच्या, उंच, अंगावरच्या पांढऱ्या झग्याला कधी सुरकुती दिसली नाही. हातात ओला पांढरा रुमाल. प्रत्येक मुलीने दोन्ही तळवे पुढे करायचे, सिस्टर त्यांवरून रुमाल फिरवायच्या. रुमाल पांढरा राहिला तर आत, रंग लागला तर बाहेर, व्हरांड्यातल्या बाकावर. शाई लागलेल्या मुली नळावर जाऊन यायच्या आणि आत शिरायच्या. मी नळावर जाऊन यायची आणि पुन्हा बाकावर बसायची.

"फिर से पीला," सिस्टर म्हणायच्या. "तुम घर में नहाता नहीं है क्या?"

मागून एखादी मुलगी ओरडायची, "सिस्टर, इसके हाथ पीले हो गए! शादी है इसकी!"

सिस्टर तशा हसणाऱ्यातल्या नव्हत्या. याला मात्र हसायच्या.

बाकाच्या वर एक जाळीची खिडकी होती. तिच्या आत लाकडी स्टँडवर एक मोठं पुस्तक उघडं ठेवलेलं असायचं. समुद्रातल्या प्राण्यांचं, रंगीत चित्रांचं. दर आठवड्याला सिस्टर स्वतःच्या हाताने त्याचं एक पान उलटायच्या. आतल्या मुलींनीही ते लांबूनच पाहायचं. मी पाण्याच्या नावाने बूढा तलावच पाहिलेला. जाळीला नाक लावून मी आठवड्याला एक पान पाहायची आणि पुढचा आठवडा त्यावर काढायची. कुटतानासुद्धा डोळ्यांसमोर तेच.

एकदा देवमाशाचं पान आलं. नुसती शेपटी. बाकीचा मासा घडी घातलेल्या पानात होता. घडी बाहेर उलगडली की अख्खा दिसणार, हे मला खिडकीतूनही कळलं. आतली एकही मुलगी 'उलगडा' म्हणाली नाही. त्यांना काय, त्यांच्या हातात दुसरी पुस्तकं होती.

तास संपल्यावर मी सिस्टरांना दारात गाठलं. "सिस्टर, आप ही खोलिए न. मैं हाथ पीछे बाँधके देखूँगी."

"वह नहीं खुलता. मोड़ से फट जाएगा."

"तो थोड़ा-सा. मैं बाहर से ही देख लूँगी."

"यह सब्ज़ी-मंडी है क्या?" त्यांचा आवाज चढला. "यहाँ मोल-भाव नहीं होता. पहले हाथ साफ़ करके लाओ. फिर देखेंगे."

त्यांना तो मोलभाव वाटला नसेल, मला वाटला. हात साफ, तर देवमासा. त्यांनी आपल्या तोंडाने बोलून दाखवलं होतं, आणि शब्द दिला की सौदा झाला असं मी तेव्हाही मानायची, आजही मानते.

घरी मी मातीने घासलं, बेसनाने घासलं, रॉकेलने घासलं. काही होईना. मग कोपऱ्यातल्या पापडखाराच्या डब्यावर नजर गेली. पापडखाराने भांड्याचा कसलाही चिकटा निघतो, हे मी रोज पाहत होते. शाळेच्या दिवशी सकाळी आई पाणी भरायला गेल्यावर मी मूठभर खार ओल्या हातांवर घेतला आणि चोळत राहिले. पाहते तर तळवे लालभडक.

आई हंडा घेऊन आली आणि दारातच हसत सुटली. "काहून वं पोट्टे, हातावर कुंकू बनवून राहिली का? हळदीले खार लावला तं लालच होईन न!"

हळदीला चुना लावून कुंकू करतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण खारही तेच करेल हे डोक्यात आलं नाही. धुवायला वेळ नव्हता, आणि धुऊन जाणारही नव्हतं. मी तशीच गेले. मनाशी म्हटलं, पिवळे तर नाहीत ना.

सिस्टरांनी रुमाल फिरवला आणि तो लाल झाला. त्यांनी आधी रुमालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग रुमाल दोन बोटांच्या चिमटीत धरून अख्ख्या वर्गाला दाखवला.

"देखो. पूजा का कुमकुम लगाके आया है. लाइब्रेरी में! यह मंदिर है?"

"सिस्टर, यह हल्दी है. खार से..."

"झूठ भी बोलता है."

वर्ग हसला. त्या दिवसापासून शाळा संपेपर्यंत माझं नाव कुमकुम. पण त्याचं मला फार नाही, नावं सगळ्यांनाच ठेवतात. सिस्टर आत गेल्या, खिडकीपाशी आल्या, माझ्याकडे पाहिलं आणि आतून झडप लावून घेतली. पुढच्या आठवड्यापासून स्टँड दुसऱ्या भिंतीला गेलं. त्या शाळेतून मी दहावी पास झाले, पण वाचनालयाच्या आत एकदाही पाऊल टाकलं नाही. हे माझं गाऱ्हाणं. कोणाला लहान वाटत असेल तर वाटो.

पुढचं थोडक्यात. आईच्या मुसळाची मी चक्की केली, चक्कीची भनपुरीत मसाल्याची गिरणी केली. मंडीत मी बोलायला लागले की दलाल चहा मागवतात, कारण लवकर सुटका नाही हे त्यांना ठाऊक असतं. हळदीचा माल मी आजही तळहातावर चोळूनच घेते. नोकराच्या हातावर माझा विश्वास नाही. त्यामुळे माझे हात आजही तसेच आहेत.

दोन वर्षांपूर्वी प्राचार्य सिस्टरांचा फोन आला. शाळेला कॉम्प्युटरची मोठी खोली हवी होती, माजी विद्यार्थिनी म्हणून मी मदत करावी. खालची तयार खोली एकच होती, वाचनालयाची. नाहीतर वर नवी बांधावी लागणार. "बूढ़ी सिस्टर मानती नहीं," त्या म्हणाल्या. "आप एक बार मिल लीजिए. आप जो बोलेंगी, वही होगा. उनको भी यही बताया है."

मी जाण्यापूर्वीच मनात सौदा ठरवला. सिस्टरांनी ते समुद्राचं पुस्तक माझ्या हातात दिलं, घडी उलगडून देवमासा दाखवला, की वर नवी खोली बांधून देईन आणि वाचनालयाला हात लागणार नाही. मी मागत होते ते फार नव्हतं.

सिस्टर दारात उभ्या होत्या. पाठीला बाक आला होता, पण झगा तसाच कडक. आणि हातात ओला रुमाल.

"हाथ दिखाइए, मैडम."

मला वाटलं थट्टा आहे. त्या हात पुढे करून वाट पाहत होत्या. मी तळवे पुढे केले. त्यांनी सावकाश, कडेकडेने रुमाल फिरवला. पिवळा.

माझ्या मागून प्राचार्य म्हणाल्या, "सिस्टर, जाने दीजिए न. मैडम हैं."

"मालूम है कौन है. नल उधर है. साबुन रखा है."

"साबुन से और लाल होता है, सिस्टर," मी म्हटलं. "आपको तो दिखाया था. पूरे वर्ग को आपने दिखाया था."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता, ओळखही नव्हती. "इतना साल में इतना लड़की आया," त्या म्हणाल्या. "सबका हाथ याद रहेगा क्या?"

त्यांच्या खांद्यावरून मला स्टँड दिसत होतं. पुस्तक उघडं होतं. दोन पावलं पुढे टाकली असती तर त्या मला अडवू शकल्या नसत्या. पण ढकलून घेतलेली वस्तू सौद्यात धरत नाहीत. मला ती त्यांच्या हातून हवी होती.

"सिस्टर, यह कमरा बच सकता है," मी म्हटलं. "एक किताब हाथ में दे दीजिए. बस."

"हाथ धोके आइए. फिर देखेंगे."

तेच शब्द. मी प्राचार्यांकडे वळले. "कॉम्प्युटर यहीं लगेगा. इसी कमरे में."

सिस्टरांनी रुमालाची घडी घातली, पिवळा भाग आत घेऊन. त्या रडतील असं मला वाटलं होतं. रडल्या नाहीत. प्राचार्यांना एवढंच म्हणाल्या, "किताब ले जाते समय गीला मत करना."

पुस्तकं रद्दीत गेली. मी एकच ठेवून घेतलं. सिस्टरांना म्हाताऱ्या नन्सच्या आश्रमात पाठवलं. तिथे त्या दिवसभर दारात उभ्या राहायच्या असं ऐकलं. त्या लवकर गेल्या याचा दोष माझ्यावर टाकणारे आहेत. टाकू देत. खोली वाचवायला त्यांना एक पान उलगडायचं होतं.

पुस्तक गिरणीच्या ऑफिसात आहे. आणलं त्याच दिवशी मी घडी उलगडली. कागद इतक्या वर्षांत कडक झाला होता. मधोमध फाटला. शेपटी माझ्या एका हातात आणि तोंड दुसऱ्यात. सिस्टर म्हणाल्या होत्या तसंच झालं, आणि त्यामुळे माझा राग तसूभरही कमी झाला नाही. मी चिकटपट्टी लावली. चिकटपट्टीखाली माझा अंगठा पिवळा उमटला आहे.

प्रार्थनासभेच्या आदल्या दिवशी प्राचार्यांचा पुन्हा फोन आला होता. "मैडम, सिस्टर की फोटो के पास उनकी वह समुद्र वाली किताब रखना चाहते हैं. बस एक दिन के लिए. किसी को भेज दूँ?"

"किसके हाथ मँगवाएँगी?" मी विचारलं.

त्यांना कळलं नाही. त्या म्हणाल्या, कोणीही येईल, ड्रायव्हर येईल.

"रहने दीजिए," मी म्हटलं. "वह किताब बाहर नहीं जाती."