वामनकाकांना आणायला गेलेले बाबा

माझा बाप दारूने गेला नाही.

हे आधी लिहून टाकते. कारण गेले काही दिवस लोक भेटायला येतात, बसतात आणि हळूच विचारतात, "लिव्हर का?"

नाही हो. हार्ट. सकाळी, आईकडे दुसरा चहा मागून, पूर्ण शुद्धीत.

पण एके काळी विचारलं असतं तर प्रश्न रास्त होता.

नागपूरच्या महाल भागात बाबांचं टू-व्हीलरचं गॅरेज आणि शेजारी वामनकाकांचं स्पेअर पार्टचं दुकान. दोन्ही शटर एकदमच खाली यायची आणि दोघं बसायला जायचे. 'बसायला' म्हणजे काय ते सांगायला नको.

आईने सगळं करून पाहिलं. उपास केले. एका महाराजांसमोर त्यांना शपथ घ्यायला लावली. कोणीतरी दिलेली पावडर वरणात कालवली.

बाबांनी वरण सोडलं. दारू चालूच.

मग एका उन्हाळ्यात वामनकाकांनी बसणं बंद केलं.

बाबांना हे फार लागलं. मी तेव्हा कॉलेजात होते. इतके दुखावलेले बाबा मी आजी गेली तेव्हाही पाहिले नव्हते.

"वामन्याले कोणीतरी नादी लावलं," ते आईला सांगायचे. "संध्याकाळ झाली का कुठंतरी जाते. मले सांगत नाही. बिघडला तो."

शेवटी त्यांनी ठरवलं, मागोमाग जायचं आणि मित्राला परत आणायचं.

थोडी घेतलेली होतीच. आईने गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "तू चालव वं. हे पडतीन कुठंतरी."

मित्राला दारूवर परत आणायला निघालेला माणूस आणि त्याला डबलसीट घेऊन जाणारी त्याचीच मुलगी. हसा. आम्हीही नंतर खूप हसलो.

वामनकाकांच्या स्कूटरमागे आम्ही एका शाळेपाशी पोचलो. शाळा सुटलेली. एका वर्गात काही माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली. फळ्यावर पाढे तसेच. टेबलावर चहाचा थर्मास.

दारू सुटलेल्यांचा आणि सोडू बघणाऱ्यांचा ग्रुप होता तो. बाहेर बोर्ड नाही, काही नाही. दारू सोडवायला आम्ही अख्खं नागपूर पालथं घातलं होतं आणि हे आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

बाबा थेट दारात. "चल गा वामन्या, ऊठ."

वामनकाका उभे राहून बोलत होते. ते म्हणाले, "बस मनोहर. चहा घे. माह्यं झालं का येतो."

कोणी बाबांना हाकललं नाही. एकाने सरकून जागा करून दिली.

वामनकाका पुढे बोलू लागले. मला खिडकीतून ऐकू येत होतं. सगळ्या त्या दोघांच्याच गोष्टी. गिऱ्हाइकाची गाडी नाल्यात घातली ती. काकांच्या मुलीच्या साखरपुड्यात पाहुण्यांसमोर दोघं आडवे झाले ती. बाबा याच गोष्टी रंगवून रंगवून सांगायचे आणि ऐकणारे खो खो हसायचे.

इथे कोणी हसलं नाही.

बाबांच्या हातातला चहा तसाच निवला.

परत येताना बाबा घराजवळ आल्यावर म्हणाले, "वामन्या खरं बोलून राहिला होता."

पुढच्या मीटिंगच्या दिवशी स्वतःच म्हणाले, "गाडी काढ वं."

लगेच जमलं असं नाही. हात थरथरायचे, डॉक्टर करावे लागले. मध्येच नरखेडला एका लग्नात पाय घसरला, पुन्हा प्यायले. वामनकाका एसटीने तिथे गेले आणि बाबांना घेऊन आले. या वेळी आणायची पाळी त्यांची होती.

आई कितीतरी महिने दारातच त्यांचं तोंड हुंगायची. मग बाबा आपणहून तिच्यासमोर उभे राहून 'हाऽऽ' करायला लागले.

एक दिवस ती म्हणाली, "राहू द्या. चहा टाकते."

बाबा हे गल्लीभर सांगत सुटले. मेडल मिळाल्यावर कोणी इतकं सांगत नसेल.

नंतर थेंब नाही. शेवटपर्यंत.

आज दहावा झाला.

घाटावर पिंड ठेवला. कावळा शिवेना. आमच्याकडे अशा वेळी गेलेल्या माणसाची आवडती वस्तू पिंडाजवळ ठेवतात. बाबांचे धाकटे भाऊ, नरखेडचे काका, रडत रडत पुढे आले आणि त्यांनी खिशातून दारूचा पव्वा काढला.

"दादाची इच्छा राहिली असन."

त्यांचं भावावर फार प्रेम. मनात वाईट काही नव्हतं, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वामनकाकांनी मान खाली घातली. मी तोंड उघडणार तोच आई पुढे झाली.

"ठेवा ते खिशात, भाऊजी. कावळा नाही आला तरी चालन."

काकांनी गुपचूप ठेवला.

कावळा नाहीच आला. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि विधी पुरा केला. आई घाटावरून निघाली. तिला इतक्या ताठ मानेने चालताना मी कधीच पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, कोणाच्या घरी हे चालू असेल तर इनबॉक्स करा. पत्ता देते. एकटं जायची लाज वाटत असेल तर मी गाडीवर सोडून देईन.

या आता, बाबा.

जिंकून चाललात तुम्ही.