भिजवून कापलेलं भाषण

डोणगावचे आमचे टेलर मास्टरचाचा. त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. 'हे कापड आटत नाही' अशी दुकानदाराने शपथ घेतली तरी ते आधी बादलीत बुडवायचे, वाळवायचे आणि मगच कात्री लावायचे. गिऱ्हाइकाचं जुनं मापही त्यांना चालत नसे. "माप मागच्या सालचं हाय, पोट मागच्या सालचंच हाय काय?" असं भर दुकानात विचारत.

अशा माणसासमोर मी माझं पहिलं भाषण वाचलं. ग्रामपंचायतीच्या ज्या खोलीत आम्ही सात-आठ मुली परीक्षांचा अभ्यास करायचो, ती गोदामाला भाड्याने द्यायचा ठराव ग्रामसभेत येणार होता. घरी जागा नाही, बुलढाण्याला राहायची ऐपत नाही. खोली गेली की आमचा अभ्यास संपला. ठराव मांडणार होते पंचायतीचे सदस्य बबनभाऊ, आणि विरोधात बोलणार होते मी.

भाषणाची सुरुवात मी 'स्त्रीशक्तीचा जागर' वगैरे जोरात केली. चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे कोनासाठी? तुह्या मैत्रिनीइले त आधीच पटलं हाय. मांगच्या रांगेत जो तंबाखू मळत बसते, त्याच्याशी बोल." मग प्रत्येक वाक्याला "काऊन?" लाइटबिल कोण भरेल? पोरी तिथं मोबाइल पाहत नाहीत कशावरून? पंचायतीचं भाडं बुडेल त्याचं काय? चार दिवस हेच. दहा पानांचं भाषण दीड पानावर आलं. वर म्हणाले, "अन् लोकाइनं हात कायच्यासाठी वर कराव, हे त सांगतलंच नाही तू!"

मी वैतागले की म्हणत, "भाषनबी भिजवून पाहा लागते, बेटा. सभेत आटलं त उघडी पडशीन." चाचा जाऊन आता दोन वर्षं झाली, तरी कुणी फार गोड बोललं की मला ती बादली आठवते.

सभेच्या आदल्या दिवशी दुकानाशी पोचले तर आतून बबनभाऊ हसत बाहेर पडत होते. हातात ना कापड, ना पिशवी. माझ्या मनात पाल चुकचुकली. आत जाऊन थेट विचारलं, "तुमी त्याइलेबी शिकोता काय? माह्यं सारं सांगून देलं?"

चाचा सुईत दोरा ओवत राहिले. "शक घेतला, चांगलं केलं," एवढंच म्हणाले.

मला ती कबुलीच वाटली. "तुमी दोन्हीकून हाय," असं फेकून मी पायऱ्या उतरले. रागात मला त्यांचा चेहराही पाहावासा वाटला नाही.

सभेत बबनभाऊंनी काय विचारावं? लाइटबिल, मोबाइल, भाडं. त्याच क्रमाने! आणि माझी उत्तरं तयार होती. बिल आम्ही वर्गणीने भरू. मोबाइल दाराशी टोपलीत राहतात, कुणीही कधीही येऊन पाहा. गोदामाला बाजारातला पंचायतीचाच रिकामा गाळा द्या, भाडं तिथूनही येईल. शेवटी म्हटलं, "खोली पोरीइले राहू द्या, एवढ्यासाठी हात वर करा." मागच्या रांगेतले हात आधी वर गेले. खोली राहिली.

बाहेर बबनभाऊंनीच मला गाठलं. "त्या मास्टरनं मले आठ दिवसांत तीनदा कुडत्याच्या मापाले बलावलं. माप घेता घेता माह्या पोटातलं सारं काढून घेतलं. अन् कुडतं त अजून कापलंबी नाही!"

मी शरमेने मेले. घरी येऊन माफीची चार वाक्यं लिहिली, आरशासमोर म्हटली आणि दुकान गाठलं. पहिलं वाक्य संपलं तोच चाचांनी मान वर केली.

"हेबी पाठ करून आली काय?"

पुढचं काही आठवेना. मी नुसती रडत उभी राहिले. चाचांनी कात्री खाली ठेवली.

"हाव," ते म्हणाले. "आता पटलं."