ईशान्य कोपऱ्यातले चाळीस सेकंद

मंदाताई आहेर यांची आणि माझी ओळख झाली ती मी तोंड लपवण्यासाठी धरलेल्या एका पुस्तकामुळे. चार वर्षांपूर्वी भाचीला स्केटिंगच्या वर्गाला सोडून मी तिचा तास संपेपर्यंत रिंकच्या पायरीवर वाचत बसत असे. एके दिवशी चाकांचा आवाज माझ्याजवळ येऊन थांबला. पाहते तो पंचावन्न-छप्पन्न वर्षांच्या एक बाई, पायांत चार चाकांचे स्केट्स, कमरेवर हात ठेवून उभ्या.

"रोज बघते मी. पान उलटत नाय तुझं," त्या म्हणाल्या. "डोळे रिंकवर अन् पुस्तक नुसतं तोंडापुढं. उद्या सकाळी पावणेसहाला ये. मोठ्या माणसांची बॅच असते आमची."

"मला नाही जमणार."

"काय जमणार नाय ते आधी ठरवू. मग काय जमंल ते कळंल."

मूळच्या देवळ्याच्या मंदाताई पंचवटीत शालेय गणवेश शिवण्याचे दुकान चालवतात. मुलगी सासरी गेल्यावर माळ्यावर पडलेले तिचे स्केट्स त्यांनी सहज पायांत घालून पाहिले, तेव्हा त्या चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. फिगर स्केटिंग म्हटले की लोकांना बर्फ आठवतो. नाशकात बर्फ रसवंतीच्या गाड्यावर मिळतो. आमच्या गिरक्या आणि उड्या सगळ्या चाकांवर, सिमेंटच्या कोब्यावर. लहान मुलांच्या रांगेत सर्वांत मागे उभे राहून त्या हे शिकल्या आणि पुढे स्वतःसारख्यांसाठी त्यांनी सकाळची बॅच सुरू केली.

त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या जिद्दीविषयी पुष्कळ लिहिले जाईल. 'वय हा केवळ आकडा' हे वाक्यही कुठेतरी असेलच. त्यांना ते मुळीच आवडत नाही. "आकडा कसा? गुडघा हाय तो," असे त्या म्हणतात.

बॅचची एक रीत आहे. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने रिंकच्या कठड्यावर खडूने आपले त्या महिन्याचे ध्येय लिहायचे. मी दहावी-बारावीला पहिली आलेली, मराठी माध्यमातली मुलगी. ध्येय म्हणजे सर्वांत वरचे, एवढेच मला ठाऊक. मी वळणदार अक्षरांत लिहिले : 'सहा महिन्यांत उडी व गिरकी.' मंदाताईंनी ओल्या फडक्याने ते पुसले.

"तू आधी पडायला शीक. वीस वेळा पडायचं, न घाबरता. एवढंच लिही."

"ताई, पडणं हे काय ध्येय आहे?"

"शाळेच्या पोरांना मी वाढत्या अंगाचं शिवते, चार बोटं माया ठेवून. पोरगं वाढतं, कपडा पुरतो. तुझं अंग आता वाढायचं नाय. वाढत्या मापाचं शिवून घेतलंस तर पायात येऊन तूच पडशील. मग आधी पडायलाच शिकलेलं बरं."

आमचे पगारेसर बँकेत अधिकारी आहेत. शाळेत असताना त्यांनी स्केटिंगचे पदक मिळवले होते. बावन्नाव्या वर्षी त्यांनी लिहिले : 'शाळेत होतो तसे पुन्हा करणे.' मंदाताईंनी विचारले, "सर, त्या पोराचा शर्ट आज तुम्हाला व्हईल का?"

"एक बाहीसुद्धा जायची नाही."

"मग त्याची गिरकी कशी व्हईल?"

सगळी बॅच हसली, सर सर्वांत जास्त. मग त्यांनी लिहिले : 'एका पायावर सहा मोजेपर्यंत.' महिनाअखेर ते आठपर्यंत पोहोचले आणि त्यांनी सगळ्यांना मिसळ खाऊ घातली.

मंदाताईंचा जिव्हाळा बोलण्यात दिसत नाही, हातात दिसतो. अंगाला घट्ट बसणारा सरावाचा पोशाख घालायला मी लाजत असे, म्हणून ढगळ कुडत्यावर सराव करी आणि कुडता चाकांत अडके. मी कधी काही बोलले नव्हते. एका सकाळी त्यांनी पिशवीतून पूर्ण बाह्यांचा, गुडघ्याच्या वर संपणारा, बाजूला उंच कापाचा कुडता आणि तुमान काढून दिली. "घाल. लाजायला जागा ठेवलीय, पण चाकाला नाय," एवढेच म्हणाल्या. माझ्यासाठी इतक्या नेमकेपणाने कोणी कधी काही केल्याचे मला आठवत नाही.

आता जे लिहायचे आहे, ते गौरवलेखात शोभेल की नाही हे मला माहीत नाही.

मंदाताईंचे स्वतःचे एक ध्येय होते. साठ पूर्ण होण्याआधी प्रौढांच्या स्पर्धेत दोन मिनिटांची रचना सादर करायची, तीत एक लहानशी अर्ध्या फेरीची उडी. त्यासाठी त्यांनी तीन वर्षे मोजून घेतली होती. पहिले वर्ष गिरकीचे, दुसरे उडीचे, तिसरे सगळे एकत्र गुंफण्याचे. बक्षिसाचा विचारही नव्हता. "परीक्षकाच्या हातातलं ध्येय लिहायचं नाय," हा त्यांचाच नियम. दुसरे वर्ष संपताना उडी जमली होती. मी ती पाहिली आहे. जमिनीपासून जेमतेम वीतभर, पण खाली येताना चाकांचा आवाज एकच आला होता.

गेल्या दिवाळीआधी रिंक चालवणाऱ्या संस्थेने ती तीन आठवडे एका प्रदर्शनाला दिली. मंडपाच्या खांबांसाठी पहारींनी कोबा फोडला गेला. नंतर भोके बुजवली, पण ओबडधोबड, आणि भेगा वाढतच गेल्या. मुलांची स्पर्धा दुसऱ्या रिंकवर हलवली गेली. प्रौढांचा गट रद्द झाला.

आम्ही निवेदन तयार केले. मजकूर माझा होता आणि संस्थेच्या सभेत ते वाचायचेही मीच होते. मंदाताईंनी कोबा नीट करण्याची विनंती केली, तेव्हा एक पदाधिकारी हसून म्हणाले, "काकू, आपल्याला आता कुठं मेडल आणायचंय? व्यायामच ना शेवटी? तेवढं चालतंय की!" सगळे हसले. मंदाताईंनी माझ्याकडे पाहिले. मी उठले नाही. कागद टेबलावर सरकवला, कोणीतरी त्यावर चहाचा कप ठेवला आणि पुढचा विषय सुरू झाला. निवेदनात एकही चूक नव्हती. त्याचा काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मंदाताई रिंकभर पावले टाकत फिरल्या. ईशान्येचा कोपरा तेवढा वाचला होता : लांबीला बारा पावले, रुंदीला नऊ. धाव घ्यायला जागा नाही, म्हणजे उडी नाही. त्यांनी कठड्यावर लिहिले : 'वाढदिवसाला, या कोपऱ्यात, चाळीस सेकंद. गिरकी अडीच फेऱ्यांची. उडी नाही.'

"ही तडजोड आहे, ताई," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. सभेत चढायला हवा होता तो.

"कापड एवढंच उरलंय. रडत बसू का शिवू?"

शहाणपणाचे बोल म्हणून हे वाक्य कोणी भिंतीवर लावेल. मला ते ऐकवत नाही. माणसाने आपल्या गुडघ्याचे माप घेऊन ध्येय ठरवावे, हे मी त्यांच्याकडून शिकले. पण दुसऱ्याच्या बेपर्वाईने फोडलेल्या जमिनीचे माप घेऊन ध्येय ठरवावे लागणे, याला वास्तवाचे भान म्हणायला मी तयार नाही.

आणि आता त्यांचा साठावा वाढदिवस. संस्थेने सत्कार ठरवला, तो याच रिंकवर, मंडप घालून. व्यासपीठ समतल जागी हवे म्हणून त्यासाठी ईशान्येचा कोपरा निवडला आहे. हे कळले तेव्हा मंदाताई म्हणाल्या, "राहू दे. एवढ्या प्रेमानं करतायत. त्यांना वाईट वाटंल." मला राहवले नाही. मागच्या आठवड्यात गौरव समितीच्या बैठकीत मी उभी राहिले आणि अडखळत का होईना, सगळे सांगितले : खांब रोवू नका, पाहुण्यांना पायऱ्यांवर बसवा, भाषणे कमी करा, चाळीस सेकंद त्यांना द्या. "पाहुण्यांना उन्हात बसवायचं का?" असे कोणी विचारले. "हो," मी म्हणाले. "बघू," असे उत्तर मिळाले.

हा ग्रंथ आपल्या हाती येईल, तेव्हा आपण कदाचित त्याच मंडपात बसलेले असाल, कदाचित पायऱ्यांवर, डोक्यावर रुमाल धरून. कुठे बसलो आहोत, ते आपणच पाहावे.

मंदाताईंना पुढची पुष्कळ वर्षे लाभोत आणि ती निरोगी असोत. त्यांचे गुडघे शाबूत राहोत, ही प्रार्थना मी देवाकडे करते. कोबा शाबूत राहो, ही मागणी मात्र आपल्याकडे आहे.