सोळा फुटांत ओटा

लग्नाला आठ महिने होऊन गेले तरी बायको माहेरीच होती. भांडण वगैरे काही नव्हतं. तिला आणायला माझ्याकडे घर नव्हतं, एवढंच.

पन्नासच्या दशकातली ती शेवटची वर्षं. पिंपरीला कारखाने उभे राहत होते, त्यांच्यापुढे आणखी येणार अशी बोलवा होती. कुठल्या जमिनीखाली किती खोलीवर कातळ आहे आणि पाणी कुठं लागतं, हे तपासायचं काम आमच्या मालकांकडे होतं. मालक पुण्यातले बोअरिंगचे कंत्राटदार. मी त्यांच्याकडे भूगर्भशास्त्राचा बी.एस्सी. म्हणून नोकरीला लागलो होतो. आमच्या घरात सातवीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. वडिलांनी माझ्या पदवीच्या कागदाला काच लावून तो देव्हाऱ्याशेजारी टांगला होता. मला त्या कागदाचा अभिमान होता, आजही आहे.

पण पदवीधराच्या नशिबी राहायला तंबू होता. भोसरी, मोशी, चाकण असा आमचा मुक्काम दर दीड-दोन महिन्यांनी हलायचा आणि एकाच तंबूत यंत्रावरचे चार गडी आणि मी झोपायचो. तिथं बायकोला कसं आणणार? सासरे चाकणचे, कांद्याचे शेतकरी, मोजकं बोलणारे. त्यांनी एकदाच सांगितलं होतं, "पाव्हणं, लेक तुमचीच हाय. पर आधी घर दावा, मंग धाडतो."

दिवाळीच्या आधी मालकांनी लष्कराच्या लिलावातून दोन जुने ट्रेलर आणले. एकावर यंत्राचं सामान चढलं. दुसऱ्याचा नुसता लोखंडी साटा, म्हणजे खालचा सांगाडा, आणि दोन चाकं उरली होती. मालक म्हणाले, "यावर तुमची खोली बांधून घ्या. जीपमागं जोडून नेऊ. लांबी सोळा फूट, रुंदी साडेसहा, त्यापलीकडं जायचं नाही. आराखडा तुम्हीच काढा, शिकलेले आहात. तुळशीचं लग्न झालं की मुक्काम हलवायचाय."

शिकलेला होतोच. कॉलेजच्या वाचनालयात एका अमेरिकन मासिकात असली चाकावरची घरं पाहिल्याचं मला आठवत होतं. एक दिवस रजा काढून पुण्याला गेलो, ते मासिक शोधलं आणि त्यातला नकाशा मोजून उतरवून घेतला. चित्रात घराबाहेर पट्ट्यापट्ट्यांचं छत ताणलेलं होतं आणि त्याखाली एक गोरं कुटुंब खुर्च्या टाकून बसलं होतं. मी मनात म्हटलं, हे हौसेनं फिरणारे लोक, यांना बाहेर बसायला वेळ आहे. आपल्याला खोली हवी. म्हणून ते छत मी गाळलं आणि सोळाच्या सोळा फूट आत घेतले. एका टोकाला दोन माणसांचा बिछाना, मध्ये भिंतीला लागून लिहायचं टेबल, त्यावर पुस्तकांची फळी, दुसऱ्या टोकाला स्टोव्ह आणि मोरी. टेबल साडेतीन फुटांचं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मालकीचं टेबल होणार होतं.

चिंचवडला मुंबई रस्त्याच्या कडेला एक म्हातारा सुतार होता. बैलगाड्या करायचा आणि आता ट्रकचे साटेही करू लागला होता. साटा त्याच्याकडेच नेऊन ठेवला होता. त्यानं माझा कागद दगडाखाली दाबला, बराच वेळ बघितला, मग रस्त्याकडं बघितलं, मग पुन्हा कागदाकडं.

"सायेब, जीप कुठल्या अंगानं चालती?"

"डाव्या. का?"

"मंग मुक्कामाला गाडी डाव्या कडंला लागनार. आन् दार तुमी काढलंय उजव्या अंगाला." त्यानं तंबाखू मळायला घेतली. "वैनीसाहेब भांडी घासायला डांबरी रस्त्यावर बसनार का?"

अमेरिकेत गाड्या उजव्या बाजूनं चालतात. हे मला माहीत होतं, शाळेत शिकलो होतो. पण नकाशा उतरवताना डोक्यात आलं नाही. सुताराच्या हाताखालचे दोघे रंधा थांबवून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "दार डावीकडं घ्या, त्यात काय!"

"घेतो की. पर राव, एक इचारू? ज्या मान्साला हितं दिवसभर ऱ्हायाचंय, तिला कागद दावला का?"

दाखवला नव्हता. तिला नकाशा काय कळणार, असं मला वाटलं होतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण वाटलं होतं.

"ईतवारपतुर मी फळ्या कापत न्हाई," सुतार म्हणाला. "जावा, इचारून या."

रविवारी मी कामावरची मोजपट्टी घेऊन चाकणला गेलो. कागद काढायच्या ऐवजी सासऱ्यांच्या खळ्यावर राखेनं खोलीच आखली. सोळा फूट लांब, साडेसहा रुंद, खरीखुरी मापं. बिछाना, टेबल, मोरी, सगळं राखेच्या रेघांनी दाखवलं आणि दाराची जागा मोकळी सोडली. सासरे कांद्याच्या चाळीच्या सावलीत बसून बघत होते. "बैलगाडीपरीस लांब हाय," एवढंच म्हणाले.

बायको आली. पदर खोचून दाराच्या जागेतूनच आत शिरली, रेघ ओलांडली नाही. मला तेव्हाच कळलं की तिनं ते घर खरं धरलंय.

"हितं चूल?"

"स्टोव्ह."

"आन् हितं निजायचं?"

"हो."

"मधी ह्ये काय?"

"टेबल. मला लिहायला."

ती स्टोव्हच्या जागी खाली बसली. चार हातांवर बिछान्याची रेघ होती. तिकडं बघत ती म्हणाली, "अवो, तुमी सकाळच्यानं रानात. एखादी बाई पान्याला म्हून आली, न्हाईतर सहज आली, तर तिला बसवू कुठं?"

"आत बोलव की."

"आत?" ती माझ्याकडं बघतच राहिली. "बिछान्याम्होरं? परक्या बाईला? ती तरी यील का?"

आमच्या गावातही तसंच होतं, मीच विसरलो होतो. नुसती चौकशीला आलेली बाई अंगणात उभी राहायची, ओळखीची ओट्यावर टेकायची, आणि चुलीजवळ फक्त घरची. ओटाच नसेल तर माणसाला बसवायला जागाच नाही. आणि दारातच उभी ठेवलेली बाई पुन्हा येत नाही.

"दर दोन महिन्याला नवं गाव," बायको म्हणाली. "माज्याशी बोलनार कोन? मला आत कमी चालंल, पर भाईर टेकायला जागा पायजे. न्हाईतर मी हितंच बरी हाय."

हे ती सासऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलली. सासरे मान वर न करता कांद्याची पात खुडत राहिले.

मी वाद घातला, नाही असं नाही. उघड्या जागेत धूळ येईल, सामान चोरीला जाईल, थंडीत वारा लागेल, आतली जागा एकदा गेली की गेली. ती ऐकत होती. मग उठली, मागच्या टोकाकडून पावलाला पाऊल लावत पाच पावलं मोजून आत आली आणि पायाच्या अंगठ्यानं राखेत नवी आडवी रेघ ओढली.

"हितनं मागं ओटा. वर छप्पर करा, कडंनं कमरंइतक्या फळ्या. दार ओट्यावर काढा. म्हंजी डावं-उजवं काय न्हाई."

दाराची फजिती मी तिला सांगितली नव्हती. पण तिचं बोलणं खरं होतं. आता स्टोव्ह आणि मोरी मध्यावर सरकवावी लागणार होती, आणि मध्यावर टेबल होतं.

"मग टेबल?" मी विचारलं.

"मांडीवर लिवत न्हाई का मानूस?"

"आणि पुस्तकं?"

"बिछान्याखाली. गाडी हालली तर पडायची तरी न्हाईत."

चाळीच्या सावलीतून सासरे पहिल्यांदा हसले. मी राखेतलं टेबल चपलेनं पुसलं. खरं सांगायचं तर जिवावर आलं. मी पुढं चाळीस वर्षं नोकरी केली, मोठमोठ्या टेबलांमागं बसलो, पण त्या साडेतीन फुटांची रुखरुख काही गेली नाही.

सुताराला नवीन मापं दिली तेव्हा त्यानं नुसतीच मान हलवली. मग एकच अट घातली. ओट्यावर पाण्याचं पिंप ठेवायचं नाही. मागं वजन पडलं तर पुढचा हूक वर उचलतो आणि जीपचं ढुंगण हवेत जातं. पिंप आत, पुढच्या भिंतीला. आणि गाडी उभी केली की ओट्याखाली दोन ठोकळे, ते विसरायचे नाहीत. "चार बाया बसल्या आन् ठोकळं नसलं, तर घर आडवं हुईल."

तुळशीच्या लग्नानंतर चौथ्या दिवशी आम्ही जीप घेऊन चाकणला गेलो. सासरे गाडीभोवती एक फेरी मारून आले, ओट्यावर चढले, फळीवर बसले, पाय खाली सोडून पाहिले. मग आत न डोकावताच उतरले आणि घराकडं तोंड करून ओरडले, "ट्रंक भाईर काढा गं!"

पहिला मुक्काम तिथून पाच-सहा मैलांवर, एका माळाच्या कडेला. आल्या आल्या ठोकळे मी स्वतः लावले. दोन दिवस कुणी फिरकलं नाही. बायको ओट्यावर तांदूळ निवडत बसायची आणि वाटेकडं बघायची. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आत कपडे करत होतो तेव्हा बाहेरून आवाज आला, "बाई, ह्ये काय सर्कशीचं हाय का?"

"न्हाई वं मावशी, घर हाय आमचं. बसा की. कुन्या गावच्या तुमी?"

फळी करकरली. एक जण टेकली, मग दुसरी, मग आणखी एक. विळ्या, टोपल्या खाली ठेवल्याचे आवाज आले. खोलीला दार एकच आणि ते त्यांच्या पाठीशी. तीन अनोळखी बायकांना ओलांडून कसं जाणार? खाकरून पाहिलं, तर बायकोनं आत डोकं घालून हळूच सांगितलं, "जरा थांबा. आत्ताच बसल्यात."

यंत्रावरून गडी हाका मारत होते, "सायेब, इंजिन चालू करू का?" मी खिडकीतून हात हलवून थांबा म्हटलं. बाहेर कुणीतरी विचारत होतं, "मालक काय करत्यात तुमचे?" आणि बायको सांगत होती, "जिमनीच्या खालचं वळखत्यात. वरचं मला सांगावं लागतं."

त्यावर चौघी हसल्या. मी पायात बूट घालून, नाडी बांधून, बिछान्याच्या कडेवर बसून राहिलो.