वाढत्या अंगाचं चिलखत

आमच्या घरात कुठलीही वस्तू मापाची घेत नाहीत. फ्रॉक, बूट, रेनकोट, सगळं वाढत्या अंगाचं. मी स्वतः चौथीपर्यंत बाह्या दुमडून वावरले आणि माझं काही वाईट झालं नाही. त्यामुळे सिंगापूरसारख्या बारमाही घामाच्या गावात माझ्या बारा वर्षांच्या लेकीनं आईस हॉकी खेळायचं ठरवलं, तेही गोलकीपर म्हणून, तेव्हा मी तिला दोन मापं मोठं सामान घेतलं. छातीचं जाड जाकीट आणि पायांचे पॅड, दोन्ही सेकंडहँड, ज्यांचा मुलगा मोठा झाला अशा एका कुटुंबाकडून. ते घेऊन आम्ही आमच्या सेंगकांगच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये शिरलो की शेजारच्या आंटी हसून पुढच्या लिफ्टची वाट बघायच्या.

पोरगी ते घालून गोलसमोर उभी राहिली की मागचं जाळं दिसेनासं व्हायचं. मला ते फार आवडायचं. या खेळात चेंडूऐवजी पक असतो, म्हणजे रबराची कडक चकती. ती सुसाट अंगावर येते. पोर जितकी झाकलेली तितकी बरी, यात मला तरी वाद घालण्यासारखं काही दिसत नव्हतं.

नवऱ्याला दिसलं. तो इथल्याच आंग मो किओ भागात नोकरी करतो आणि घरी आला की लेकीबरोबर परदेशातल्या व्यावसायिक सामन्यांचे व्हिडिओ बघत बसतो. एकदा जेवताना त्यानं सांगितलं, तिकडे गोलकीपरांचं सामान इतकं फुगत गेलं की गोल होणं मुश्किल झालं. मग सामान अंगाच्या मापाचंच हवं असे नियम आले. गोलकीपर कुरकुरले, की कमी करताय खरं, पण मार आम्हाला बसतो.

"बरोबरच आहे त्यांचं," मी म्हणाले.

"मग बॅट्समनलाही गादी बांधून उभा कर. स्टंप दिसायलाच नकोत."

"बॅटी जाड झाल्या तेव्हा नाही तुला बॉलरचा कळवळा आला."

आम्हा दोघांना असं भांडायला आवडतं. आमटी गार झाली तरी चालतं. लेक मात्र भात नुसता चिवडत होती. मी विचारलं तेव्हा कळलं, की आदल्या शनिवारी हिची टीम जिंकली, पण समोरच्या टीममधली एक मुलगी हिला इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "यू नेव्हर सेव्ह लाह. युअर जॅकेट सेव्ह."

"जळते ती," मी म्हणाले.

"नो, आई. मला पण नाही माहीत ना."

"काय नाही माहीत?"

"आय ॲम गुड ऑर नॉट."

मी तिला मारापासून वाचवत होते, आणि ती बिचारी हा प्रश्न घेऊन झोपत होती. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या शनिवारी तिनं कोचकडून क्लबचं जाकीट मागून घेतलं, अगदी तिच्या मापाचं. ते घालून ती बर्फावर उतरली तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना ही एवढी जागा मोकळी दिसत होती. मी शालीत हात गुंडाळून समोरच्या टीमच्या नावानं बोटं मोडत बसले. एक गोल झाला, दुसरा झाला, तिसराही. नवरा म्हणाला, "चल, कॉफी घेऊ." मी जागची हलले नाही. चौथ्या वेळी पक थेट गोलच्या वरच्या कोपऱ्याकडे निघाला. लेक आडवी झेपावली आणि धप्प असा आवाज झाला. ती लगेच उठली नाही. मी उभी राहिले. मग तीही उठली, पक तिच्या पुढ्यात पडला होता.

हिची टीम हरली. बाकावर बसून तिनं जाकीट काढलं, तर दंडावर लिंबाएवढा निळा डाग. मी पर्समधून मलम काढलं आणि बोटावर घेतलंसुद्धा.

"थांब ना, आई," ती हात मागे घेत म्हणाली. तोंडभर हसत होती. "आधी फोटो काढ. हा मी अडवला."