ऑर्डर कुठून येते

संयम रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू करण्याआधी की-बोर्ड उलटा धरून हलकेच झटकायचा. फटीत एखादी मुंगी बसली असेल तर तिनं आधी निघून जावं, मग काम. धाकटी बहीण चेलना चहाचा कप घेऊन शेजारी बसायची. म्हणायची, "भैया, मुंग्या उठल्या असतील तर आता मला पासवर्ड सांग."

धुळ्यात त्यांच्या वडिलांचं, चंपालालजींचं, साड्यांचं घाऊक दुकान. सोनगीर, भडगावकडचे दुकानदार तिथून माल उचलतात. पूर्वी ऑर्डरी फोनवर यायच्या. पुण्याहून शिकून आल्यावर संयमनं त्यासाठी वेबसाइट लिहिली. दुकानदारानं आपल्या नावानं आत जायचं, साड्या निवडायच्या, आपली ऑर्डर बघायची.

मग हिवाळ्यात त्यानं जैन साधूची दीक्षा घेतली. घरात मिठाई वाटली गेली. चेलनाला रडू आलं नाही, हसूही आलं नाही. आई हीराबाई एवढंच म्हणाल्या, "आता भैया नको म्हणू. महाराजसाहेब म्हण."

वेबसाइट चेलनाकडे आली. माल बदलून मागण्यासाठी एक नवं पान हवं होतं, ते ती करायला बसली. कंट्रोलर म्हणजे पान मागणाऱ्याला उत्तर देणारा भाग; दुकानदारानं नंबर टाकला की त्या नंबरची ऑर्डर आणायची आणि पानावर मांडायची. संयमच्या, एकेका पानाचं काम करणाऱ्या फंक्शनांमध्ये ऑर्डर मांडलेली होती, पण ती आणलेली कुठेच दिसेना. जणू आधीपासून हातातच होती. शेवटच्या महिन्यांत त्याचं लक्ष नव्हतं, काम अर्धवट राहिलं असेल, असं तिला वाटलं. तिनं आपल्या फंक्शनमध्ये एक ओळ लिहिली: या नंबरची ऑर्डर आण. पान उघडलं. ती जेवायला गेली.

आठवड्यानं सोनगीरहून फोन आला.

"ताई, हिलाल बोली राहिनू. नंबर टाकाले मना एक आकडा चुकना, तं समोरना दुकानवालानी बठ्ठी ऑर्डर माले दखाई राहिनी. कोनती साडी, कोनता रंग, बठ्ठं." तो हसला. "मना तं फायदाच शे. पन तो बी मना माल असाच दखत व्हई ना?"

लग्नसराईच्या तोंडावर आपण काय माल उचलला हे तिकडचा दुकानदार घरातसुद्धा सांगत नाही. चंपालालजींनी फोनवरचं सगळं ऐकलं होतं.

"बंद कर ते. फोन होता तोच बरा."

"भैयानं केलंय ते, पप्पा."

"ज्यानं केलं त्यानं सोडलं. तू कशाला धरून बसतेस?"

तिनं सोमवारपर्यंतची मुदत मागितली. ते पान तेवढं बंद ठेवलं.

महाराजसाहेब तेव्हा जळगावला होते. रविवारी सगळे दर्शनाला गेले. साधू उतरतात त्या जैन स्थानकात चेलना बायकांच्या रांगेत बसली. प्रश्न ओठावर होता: ऑर्डर कुठून येते? समोर तोंडावर पांढरी मुहपत्ती बांधलेला चेहरा, नजर खाली. त्यांनी सगळ्यांना मंगलपाठाची मांगलिक ऐकवली. सोडलेल्या दुकानाचं त्यांच्यापुढे काढायचं नसतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. लोक उठले, तीही उठली.

परतताना तिनं गाडीत संयमचा लॅपटॉप मांडीवर घेतला. संयमचा कंट्रोलर दुसऱ्या एका कंट्रोलरवर बेतलेला होता. ती फाइल तिनं कधी उघडलीच नव्हती. तिथे लिहिलं होतं: कुठलंही फंक्शन चालण्याआधी आत कोण आलंय ते बघ, आणि हा नंबर फक्त त्याच्याच ऑर्डरींमध्ये शोध. नसेल तर सापडली नाही म्हण. म्हणजे फंक्शनपर्यंत ऑर्डर आधीच पोचलेली असायची, ज्याची त्यालाच. चेलनाची ओळ नंतर चालायची आणि ती ऑर्डर बाजूला सारून सगळ्यांच्या ढिगातून दुसरी उचलायची.

काहीही अर्धवट राहिलेलं नव्हतं.

तिनं आपली ओळ पुसली, पान पुन्हा चालू केलं आणि हिलालला फोन लावला. "तोच नंबर टाका, हिलालभाऊ."

"आते म्हनस, ऑर्डर सापडनी नही. मनी शे जागावर." तो पुन्हा हसला. "आखो एक दिवस ऱ्हाऊ देती तं बरं व्हतं, ताई."

पुढच्या सीटवरून चंपालालजींनी विचारलं, "चालतंय?"

"हो."

"मग राहू दे."

हीराबाईंनी मागे खाकऱ्याचा डबा दिला. चेलनानं एक खाल्ला. पारोळ्याच्या पुढे कापसाची शेतं होती, ती सरत गेली. बरं वाटायला हवं होतं.

घर सोडताना संयम शेवटचं काय बोलला, असं पाहुणे अजून विचारतात. दीक्षेच्या दिवशी माईकवरून तो बरंच बोलला, ते सगळ्यांसाठी होतं. त्याआधी सकाळी, दारात ढोल वाजत असताना, जरीच्या कपड्यांत जिना उतरता उतरता तो तिच्या खोलीपाशी थांबला होता.

"माझा चार्जर फार तापतो, चेलना. रात्रभर लावून ठेवू नकोस."