घामाला भिणारं कातडं

गल्लीच्या तोंडाशी, घड्याळवाल्याच्या शेजारी, दीड माणूस जेमतेम मावेल एवढं आत्याचं दुकान. ती सख्खी आत्या एकाच पुतणीची, पण आता सगळी गल्लीच तिला आत्या म्हणते. बूट, पर्स, पट्टे, कातड्याचं जे उसवेल ते तिच्या पुढ्यात येतं. कातडं कापायची रापी आणि टोचायची आरी तिला वडिलांकडून मिळाली, आणि हत्यारांबरोबर एक गोष्टही मिळाली.

स्वेडचा बूट आला की ती त्यावरून अंगठा फिरवायची. कातड्याची आतली बाजू घासघासून आणलेली ती मऊ लव उजवीकडे फिरवली की गडद दिसते, डावीकडे फिरवली की फिकी. मग गिऱ्हाइकाला विचारायची, "याला स्वेड का म्हणतात, ठाऊक आहे? स्वेद म्हणजे घाम. या कातड्याला घामसुद्धा सोसत नाही, मग पाणी कुठलं सोसणार! नावातच लिहून ठेवलंय."

गिऱ्हाइकं माना डोलवायची. तीस वर्षं हे असंच चाललं होतं.

मग चर्मकामाच्या शाळेतून बोलावणं आलं. आत्या इस्त्रीची साडी नेसून गेली, किटलीच्या वाफेवर स्वेडची दबलेली लव कशी उठवायची ते दाखवलं आणि शेवटी हुकमाचा पत्ता टाकावा तशी स्वेदाची गोष्ट सांगितली.

मागच्या बाकावरच्या चष्मेवाल्या मुलीनं हात वर केला. "आत्या, पण स्वेड हा शब्द बाहेरचा आहे ना? तो आपल्या स्वेदावरून कसा येईल?"

वर्गात खसखस पिकली. आत्याचे कान तापले. "कातडं माझ्या हाताखालून गेलंय, बाई, तुझ्या नाही," ती फणकारली. बोलून गेली, पण घरी येईपर्यंत मनाला ते टोचत राहिलं. पोरगी उद्धट नव्हती. तिनं सरळ प्रश्न विचारला होता.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं फळकुट न उघडता आत्या ग्रंथालयात गेली. ग्रंथपाल बाईंनी उशीएवढा जाड कोश काढला आणि अर्थ सांगितला. फ्रेंच भाषेत स्वीडन देशाला स्यूएद म्हणतात. त्या देशाच्या नावानं मऊ हातमोजे विकले जायचे, 'स्वीडनचे हातमोजे' म्हणून. पुढे बोलण्यात हातमोजे गळून पडले आणि देशाचं नाव त्या कातड्यालाच चिकटलं.

"घामाचं काहीच नाही?" आत्यानं विचारलं.

"थेंबभरही नाही."

आत्या तशीच घरी गेली. आई खिडकीशी शेंगा सोलत बसली होती. "आई, बाबांनी मला तीस वर्षं खोटं सांगायला लावलं गं!"

सगळं ऐकून आई एवढी हसली की शेंगांचं ताट मांडीवरून घसरलं. "अगं, ते तुझ्यासाठी नव्हतंच. लग्नाला महिना झाला नव्हता. एका गिऱ्हाइकाचे स्वेडचे बूट मी साबणानं खसाखसा धुतले, मदत करावी म्हणून. वाळले तेव्हा ते पापडासारखे कडक! ह्यांनी नवे बूट करून दिले, पण मला एका शब्दानं बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, याच्या नावातच घाम आहे, पाणी दाखवू नये. मला वाईट वाटू नये म्हणून रचलं होतं त्यांनी. पुढे त्यांचं त्यांनाच आवडलं."

आत्याला हसूही आलं आणि डोळेही भरले. वडील तिला फार कडक वाटायचे.

त्याच आठवड्यात ती न बोलावता शाळेत गेली. सगळ्यांसमोर म्हणाली, "त्या दिवशी मी चुकले. ही मुलगी बरोबर होती. आणि मी तिच्यावर उगाच डाफरले, तेही चुकलं." मग तिनं स्वीडनच्या हातमोज्यांची हकिगत सांगितली. मुलगी लाजून लाल झाली. त्या दिवसापासून दुकानात गिऱ्हाइकांनाही आत्या हीच खरी हकिगत सांगू लागली.

आता गोष्ट इथंच संपायची. पण महिन्याभरानं एक गृहस्थ बूट घेऊन आले. लव पार चिकटलेली, ठिकठिकाणी पांढरे डाग.

"पाण्यानं पुसलेत?" आत्या किंचाळली.

"तुम्हीच म्हणालात ना, स्वीडनचं कातडं म्हणून! बर्फाचा देश तो. म्हटलं, पाण्याला काय घाबरणार?"

शेजारून घड्याळवाल्याचं हसणं ऐकू आलं. आत्यानं किटली चढवली, ब्रश घेतला, आणि लव उठवता उठवता म्हणाली, "बसा तुम्ही. खरा अर्थ तुम्हाला सांगून झालाय. आता माझ्या वडिलांनी माझ्या आईला सांगितलेला ऐका. तो साफ खोटा आहे, पण बूट त्यानंच वाचतात."

गृहस्थ स्टुलावर टेकले. "सांगा," ते म्हणाले.